नाव भीमाचे, गोष्ट कोणाची?

आमच्या जिल्ह्याचे नाव एखाद्या चित्रपटात यावे, आणि तो चित्रपट साऱ्या जगाने पाहावा, असा योग वारंवार येत नाही. तो 2022 साली आला. एस. एस. राजामौली यांच्या ‘आरआरआर’ची कथा सुरू होते ती 1920 सालच्या आदिलाबादच्या अरण्यात, आणि तिच्या दोन नायकांपैकी एकाचे नाव आहे कोमराम भीम. मार्चमध्ये चित्रपटगृहांत झळकलेला हा चित्रपट मे महिन्यात घरोघरी आला. झी फाइव्हवर तो तेलुगूत आला आणि नेटफ्लिक्सवर हिंदीत. पैनगंगेच्या अलीकडे, बेला-जैनदच्या बाजूस राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना दोन्ही भाषा कळतात. तेव्हा आम्ही तो दोन्ही भाषांत पाहिला. एकदा नव्हे, अनेकदा पाहिला. म्हणूनच आज त्याविषयी चार कठोर शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम जे चांगले आहे ते मोकळेपणाने मान्य करू. भीमास चाबकाचे फटके बसत असता तो गुडघे टेकीत नाही, त्या प्रसंगी आमचेही डोळे पाणावले. ‘नाटू नाटू’ या गाण्यास 2023 साली ऑस्कर मिळाले, तेव्हा आमच्याही घरी पेढे वाटले गेले. कसब उदंड आहे. खर्चात कोठे हात आखडलेला नाही. आमची तक्रार कसबाविषयी नाहीच. ती सचोटीविषयी आहे.

चित्रपटातला भीम पळवून नेलेल्या एका मुलीच्या शोधात दिल्लीस जातो आणि गोऱ्या लाटसाहेबाशी झुंजतो. खऱ्या भीमाचा झगडा होता निजामाच्या राजवटीशी. जंगल राखीव झाले, बापजाद्यांनी कसलेली जमीन हातची गेली, गुरे चारण्यावर कर बसला, लाकूडतोडीवर दंड बसला. जंगलखात्याचा आणि महसुलाचा शिपाई हा गोंडाच्या दाराशी रोजचा झाला. त्या गांजणुकीविरुद्ध भीमाने गावे उठविली आणि 1940 साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला. ते बंड वाया गेले नाही. त्याची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारला हायमेनडॉर्फ यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञास या डोंगरांत धाडावे लागले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांपुढे आदिवासींची गाऱ्हाणी मांडण्याचा जो दरबार भरतो, त्याचे मूळही त्याच काळात आहे. यातले काहीही पडद्यावर नाही. निजामाशी असलेले वैर हेच ज्या माणसाचे चरित्र, त्याच्या गोष्टीतून ते वैरच काढून घेतल्यावर मागे काय उरते? एक भारदस्त नाव, आणि त्या नावाखाली एक बलदंड शरीर!

पण याहून मोठा अन्याय चित्रपटाच्या अखेरीस आहे. विजयानंतर राम भीमास विचारतो, तुला काय हवे? भीम विद्या मागतो. आणि सुशिक्षित राम आपल्या हाताने निशाणावर ‘जल, जंगल, जमीन’ ही अक्षरे लिहून देतो. वाचकहो, ही घोषणा भीमाची म्हणून आमच्या रानावनांत ओळखली जाते. ती त्याच्या अनुभवातून निघाली, असे त्याची माणसे मानतात. तीच त्यास दुसऱ्याने लिहून द्यावी? भीमाच्या चरित्रकथांत तर असे सांगतात की, फरारी असता त्याने चांद्याकडे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याचा आश्रय घेतला आणि तेथे तो लिहावाचावयास शिकला. म्हणजे परंपरा त्याच्या हाती लेखणी देते आणि चित्रपट ती काढून घेतो. आदिवासीने बळ पुरवावे आणि विचार मात्र दुसऱ्याने पुरवावा, हा जुनाच समज येथे नवी झूल पांघरून आला आहे.

यावर कोणी म्हणेल की, ही कल्पितकथा आहे, दिग्दर्शकाने ते प्रारंभीच सांगितले आहे. करमणुकीत इतिहास कशाला शोधता? आमचे उत्तर सरळ आहे. कल्पितकथाच सांगावयाची तर नावही कल्पित घ्यावे. आमच्या कोकणी वाचकांना बारद्रॉय बार्रेतो यांचा 2014 चा ‘नाचूंया कुंपासार’ आठवत असेल. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या जीवनावर तो बेतला होता. पण पात्रांची नावे त्याने बदलली, आणि पेरी यांची गाणी, तो काळ, ती माणसे मात्र निष्ठेने जपली. तेथे नाव बदलून सत्य राखले. येथे नाव राखून सत्य बदलले. यांतला प्रामाणिक मार्ग कोणता, हे सांगावयास पंडिताची गरज नाही.

आणि खऱ्या मातीची गोष्ट लोकांना रुचत नाही, हा बहाणाही आता चालणार नाही. 2023 साली वेणू येल्दंडी यांचा ‘बलगम’ आला. तेलंगणातील एक खेडे, एका म्हाताऱ्याचे मरण, पिंडास न शिवणारा कावळा आणि दुरावलेले भाऊबंद, इतकीच त्याची सामग्री. भाषा तेलंगणाच्या खेड्यातली. अखेरीस येणारे शोकगीत गाणारे कोमुरम्मा आणि मोगिलय्या हे खरेखुरे लोकगायक दांपत्य. हा चित्रपट घरच्या पडद्यावर उपलब्ध होता, तरी तेलंगणातील गावांनी चौकात पडदे लावून तो एकत्र बसून पाहिला! काकस्पर्शाची वाट पाहणे काय असते, हे मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही. आम्हांस त्या चित्रपटात आमचेच अंगण दिसले.

चित्रपटगृहात माणूस एकदा जातो आणि तमाशा पाहून परततो. घरचा पडदा मात्र आमच्या मुलांचा सोबती झाला आहे. तेच दृश्य ती दहा वेळा पाहतात, आणि शाळेच्या पुस्तकाआधी तेच त्यांचे इतिहासाचे पुस्तक होते. म्हणून निर्मात्याइतकेच आम्ही स्वतःसही दोषी धरतो. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भीमाची कथा चांद्यापर्यंत पोहोचते. तरीही मराठी घरांत ती किती जणांनी सांगितली? आम्ही गोंड शेजाऱ्याच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहिलो आणि त्याच्या वीराची ओळख मात्र हैदराबादच्या निर्मात्याकडून उसनी घेतली!

घरच्या पडद्याची एक सोय आहे, ती चित्रपटगृहात नव्हती: तो मध्येच थांबविता येतो. पुढच्या वेळी राम निशाणावर अक्षरे लिहू लागला की, आईबापांनी तेथेच चित्र थांबवावे आणि मुलांस सांगावे की, ही अक्षरे याची नव्हेत. पुढे आश्विन पौर्णिमेस, भीमाच्या स्मरणासाठी त्याची माणसे जमतात तेव्हा, त्यांना घेऊन जोडेघाटास जावे. जिल्ह्याचे 2016 साली चार तुकडे झाले आणि जोडेघाट आता शेजारच्या जिल्ह्यात गेले. पण वाट तीच आहे.