झाडणे दिवसाचे, कीर्तन रात्रीचे

२० डिसेंबर आला की वलगावात माणसे जमतात. १९५६ साली याच तारखेला, मध्यरात्र उलटताना, अमरावतीकडे नेत असलेल्या गाडीत पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबासाहेब आंबेडकरांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. वलगावला आता बाबांची निर्वाणभूमी आहे, अमरावतीत गाडगेनगरला समाधी आहे, आणि १ मे १९८३ रोजी नागपूरपासून वेगळ्या झालेल्या विद्यापीठाला बाबांचेच नाव आहे. पुण्यतिथीला या सगळ्या ठिकाणी झाडू फिरतो. महाविद्यालयांतली पोरे हातात खराटा धरून फोटो काढतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. निदान त्या दिवशी तरी आवार स्वच्छ होते.

पण बाबांचा दिवस झाडण्यावर संपत नसे. गाव झाडून झाले, भाकर मागून खाल्ली, की अंधार पडल्यावर कीर्तन. ते रात्रीच का? कारण ऐकणारा माणूस दिवसा मोकळा नव्हता. निंदणारी बाई, सालदार, हमाल यांना दिवे लागल्यावरच बसायला सवड. बाबा उपदेश करण्याऐवजी प्रश्न टाकत, समोरच्याकडून उत्तर काढून घेत आणि त्याच उत्तरात त्याला अडकवत. कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, हे अशा सवाल-जबाबातून गळी उतरे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाचा वर्ग सूर्य मावळल्यावर भरत असे. आपण बाबांच्या कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

बाबांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या तपोवनाकडच्या परिसरात तरी संध्याकाळनंतर काय उरते? विभागांना कुलपे लागतात. फाटकावर पहारेकरी, वसतिगृहांचे दिवे, मेसमधला भांड्यांचा आवाज. परीक्षेचा हंगाम असेल तर कुठेतरी निकालाचे काम चाललेले. बाकी साडेचारशेहून अधिक एकर अंधार. पोहरा-वडाळीचे जंगल शेजारी असल्याने या अंधाराला मालकही आहे : परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अमरावतीकरांना नव्या नाहीत. म्हणून सगळीकडे झगझगीत दिवे लावा, अशी मागणी करणे मूर्खपणाचे. रानाला त्याची रात्र राहू द्यावी. ग्रंथालय ते वसतिगृह आणि वसतिगृह ते फाटक, एवढा रस्ता मात्र उजेडाचा, माणसांच्या वावराचा असावा.

कारण आजचा सालदाराचा पोरगाही दिवसा मोकळा नाही. तो मेडिकलच्या दुकानात उभा असतो, पार्सल पोहोचवतो, सुट्टीत शेतात सोयाबीन काढतो. त्याचा अभ्यास रात्रीचा. शहरात गल्लोगल्ली महिन्याच्या फीवर अभ्यासिका निघाल्या त्या याच गरजेतून; तिथे खुर्ची, पंखा आणि वाय-फाय विकत मिळते. जे काम सार्वजनिक विद्यापीठाने करायचे, ते भाड्याच्या गाळ्यात चालले आहे.

मुलींचा प्रश्न याहून अवघड. रात्र म्हटली की वसतिगृहाचे फाटक आधी मुलींचे बंद होते, आणि कारण सांगितले जाते सुरक्षिततेचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समितीने २०१३ च्या ‘सक्षम’ अहवालात हेच खोडून काढले होते : सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवर वेगळे निर्बंध नकोत, दिवे, वाहतूक, तक्रारीची चोख व्यवस्था हवी. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात मुलींनी २०१८ मध्ये दीर्घ धरणे धरले, तेव्हा कुठे वसतिगृहाचे दार रात्रीही उघडे राहू लागले. कोलकात्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीवर रुग्णालयाच्या आतच अत्याचार होऊन तिचा खून झाला. धोका नेहमी फाटकाबाहेरच असतो, हा समज तरी आता सोडावा.

गावाकडून ये-जा करणाऱ्या मुलीला तर फाटकाआधी एस.टी. अडवते. वलगावला परतायचे तर गाडी कधी मिळणार, यावर तिचे ग्रंथालयातले बसणे ठरते. पुस्तक अर्धे असताना ती उठते. पालकांनाही दोष कसा द्यावा? अंधारात फाट्यावर उभ्या असलेल्या लेकीची काळजी कोणाला वाटणार नाही? या एका बाबतीत विद्यापीठ आणि एस.टी. महामंडळ यांनी एकत्र बसून वेळापत्रक जुळवले, तरी अर्धी तक्रार मिटेल.

आणि या २० डिसेंबरला खराटे ठेवून झाल्यावर, संध्याकाळी सातला, एक सभागृह उघडावे. हारतुरे नकोत, प्रास्ताविक नको. एखाद्या प्राध्यापकाने गुलाबी बोंडअळीवर बोलावे, दुसऱ्याने सावकारी कर्जाच्या व्याजाचा हिशेब फळ्यावर मांडावा, आणि वलगाव, शिराळ्याहून आलेल्या माणसांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत. परतीची गाडी विद्यापीठाने करावी.