एकच लॉगिन पाहिजे, पण ते मोबाईलवर टिकलं पाहिजे



आज पिकाबद्दल नाही, लॉगिनबद्दल लिहितो. मागच्या आठवड्यात यात माझा अर्धा दिवस गेला. तुमचाही जात असणार.

ठिबकचा अर्ज भरायला एका सरकारी पोर्टलवर बसलो. मोबाईल साधा, 3 जीबी रॅमचा. आधार नंबर टाकला, ओटीपी आला. मेसेज बघायला बाहेर गेलो, आकडा पाठ करून परत आलो तर पान पहिल्यापासून सुरू! असं चार वेळा झालं. पाचव्यांदा ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’. शेवटी गाडी काढली आणि तालुक्याला गेलो. केंद्रावरच्या पोरानं दहा मिनिटांत अर्ज भरून दिला. त्याचं पान कॉम्प्युटरवर उघडं राहतं आणि ओटीपी माझ्या फोनवर येतो. आपल्याकडं दोन्ही कामं एकाच फोनवर.

आता काहीजण म्हणतील, फार्मर आयडी आला की, मग अडचण काय? 15 एप्रिल 2025 पासून आपल्या राज्यात कृषी योजनांसाठी तो लागतोच. चांगलं झालं. पण आयडी म्हणजे माणूस कोण ते सांगणारा नंबर. तोच माणूस आत्ता दारात उभा आहे याची खात्री म्हणजे लॉगिन. ती खात्री पीक विम्याला वेगळी, अनुदानाला वेगळी, पीएम किसानला वेगळी द्यावी लागते.

यावर उपाय आहे, त्याला सिंगल साइन-ऑन म्हणतात. बाजार समितीत गेटवर एकदा नोंद झाली की चिठ्ठी मिळते, पुढं तीच चालते, तसं हे. एकदा ओळख पटली की ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवली जाते, तिला कुकी म्हणतात. पुढची पोर्टलं परत ओळख विचारत नाहीत. केंद्र सरकारनं 2022 मध्ये ‘मेरी पहचान’ याच कामासाठी आणलं.

पण माझं म्हणणं असं, की हे मोबाईलच्या ब्राउझरवर टिकलं नाही तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य. पुतण्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला विचारलं. त्यानं दोन कारणं सांगितली.

पहिलं, फोनची मेमरी कमी असली की मेसेज बघायला गेलो तेवढ्यात फोन मागचं पान काढून टाकतो.

दुसरं, फेसबुकवरच्या लिंकला बोट लावलं की ती क्रोममध्ये उघडत नाही, फेसबुकच्याच आतल्या खिडकीत उघडते. चिठ्ठी राहिली क्रोममध्ये, म्हणजे एका सदऱ्याच्या खिशात, आणि आपण गेटवर गेलो दुसराच सदरा घालून. मग परत लॉगिन. शिवाय अशा खिडकीत टाकलेला पासवर्ड ते अ‍ॅप बघू शकतं. म्हणून गूगलनं स्वतःचं साइन-इन तिथं बंदच केलंय.

पहिल्या कारणावर इलाज नवा नाही. क्रोममध्ये 2020 पासून सोय आहे, मेसेज ठरलेल्या पद्धतीनं पाठवला तर परवानगी घेऊन ओटीपी तिथल्या तिथं भरला जातो. पान सोडायलाच लागत नाही. पोर्टलवाल्यांनी फक्त ती वापरायची आहे.

एक भीती खरी आहे. एका किल्लीनं सगळी कुलपं उघडत असतील तर किल्ली हरवली की सगळं घर उघडं. केंद्रावर आपलं लॉगिन तसंच राहिलं तर पुढचा माणूस आपल्या सगळ्या योजनांत शिरेल. म्हणून एका ठिकाणी बाहेर पडलं की सगळीकडून बाहेर, हेही त्यातच पाहिजे.

कृषी विभागातले साहेब आणि पोर्टल करणारी मंडळी हे वाचत असतील तर एवढंच मागणं आहे. पोर्टल सुरू करण्याआधी स्वस्त फोन घेऊन बांधावर उभं राहून एक अर्ज भरून बघा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चाललं म्हणजे चाललं असं नाही. आणि प्रत्येक योजनेला नवीन अ‍ॅप काढू नका, फोनमध्ये जागा नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं?
– लिंक फेसबुकमधून उघडली तर तीन टिंबांवर जाऊन ‘ब्राउझरमध्ये उघडा’ करा.
– ओटीपी आला की वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचा, पान सोडू नका.
– अर्ज भरताना बाकीची अ‍ॅप बंद ठेवा.
– केंद्रावरून उठताना स्वतःच्या डोळ्यानं लॉगआउट बघा.

पेरणीला वाफसा जसा थांबत नाही, तशी अर्जाची शेवटची तारीखही थांबत नाही. लॉगिन अडलं म्हणून कुणाचा अर्ज राहायला नको.

तुमचा अर्ज कुठल्या पायरीवर अडतो ते कमेंटमध्ये लिहा. सगळं एकत्र करून तालुका कृषी कार्यालयात देऊ.