तरलाबेनचे भांडवल

दूरचित्रवाणीवर एखादा चेहरा परिचित झाला की त्यामागची वर्षे आपल्या ध्यानात येत नाहीत. सोनी वाहिनीवरील ‘कुक इट अप विथ तरला दलाल’ या कार्यक्रमामुळे तरलाबेन घरोघरी पोहोचल्या खऱ्या. परंतु मुंबईतील आपल्या राहत्या घरी त्यांनी पाककलेचे वर्ग सुरू केले होते ते १९६६ साली.

१९३६ साली पुण्यात जन्मलेली ही गुजराती मुलगी १९६० मध्ये विवाह करून मुंबईस आली. पती नलिन अमेरिकेत शिकून आलेले, खाण्याचे शौकीन. त्यांच्या आवडीखातर ती परदेशी पदार्थ शाकाहारी रूपात करून पाहू लागली. पुढे वर्ग इतके नावाजले की लग्न ठरलेल्या मुलींना तेथे धाडण्याची जणू रीतच पडली. १९७४ मध्ये पहिले पुस्तक आले. मग मराठीसह अनेक भाषांत शंभराहून अधिक पुस्तके, नियतकालिक, संकेतस्थळ आणि २००७ साली पद्मश्री.

पास्ता-पिझ्झा शिकवून त्यांनी आपली चव बिघडवली, असे म्हणणारे आपल्याकडे आहेत. हा आक्षेप मला उथळ वाटतो. इटली-मेक्सिकोचा पदार्थ शाकाहारी घराच्या ओट्यावर आला तो मांस-मच्छी उंबऱ्याबाहेर ठेवून. रीत बदलली ती त्याची, आपली नव्हे!

त्यांचे खरे भांडवल म्हणजे मोजमाप. आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने तेच केले होते. ‘अंदाजाने घाल’ म्हणून सासूकडून सुनेकडे जाणारे ज्ञान वाटी-चमच्यात बसविले, तेव्हाच ते परगावच्या अनोळखी मुलीच्याही हाती आले आणि त्याला मोलही आले.

हे मोल आपण मात्र मानतो का? २०११ च्या जनगणनेतही केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणाऱ्यां’तच गणली गेली. सरकारचे सोडा. ‘आमची ही घरीच असते, काही करत नाही,’ हे वाक्य निष्ठावंत कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकू येते, आणि तेही त्याच माउलीने ऐनवेळी दहा-बारा पाने वाढल्यानंतर, हात धुता धुता. मातृशक्तीवरील बौद्धिक तेवढ्यापुरते विसरले जाते.

१९६६ मध्ये दलालांच्या घरात जागा, ओटा आणि घरच्यांची संमती एवढेच लागले होते. मुलाच्या दुकानासाठी कर्ज काढणाऱ्या आपल्या घरांपैकी किती घरे सुनेच्या वर्गासाठी दुपारचे तीन तास बाहेरची खोली मोकळी करून देतील?