बैठका की सायकल?

आमच्या रहिमतपुरात एक वाद नेहमी ऐकू येतो. तालमीत किंवा जिममध्ये जाणारा म्हणतो, "सायकलीने पाय वाळतात." सायकलवाला म्हणतो, "बैठकांनी अंग जड होते." ज्या सातारा जिल्ह्यातील खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, तेथे तालमीची बाजू घेणारे पुष्कळ भेटणारच. माझ्या मते मात्र दोघेही अर्धेच खरे बोलतात. गणितच करून पाहू.

तुमचे वजन 50 किलो आणि सायकलीचे 15 किलो धरा. 20 मीटर अंतरात 1 मीटर चढणारा रस्ता आहे. वर जाण्यास 65 × 9.8 ÷ 20, म्हणजे सुमारे 32 न्यूटन बल लागेल. बिनगिअरची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे 5 मीटर जाते. पाय मात्र सुमारे 1 मीटरच फिरतो. म्हणून पायाला पाचपट, म्हणजे सरासरी 160 न्यूटन बल लावावे लागते. हा 16 किलो वजनाएवढा दाब झाला. पायडल खाली जाताना मधल्या टप्प्यातच जोर नीट लागतो, म्हणून तेथे तो जवळजवळ दुप्पट होतो. हवेचा विरोध आणि घर्षण वेगळेच! येथे बैठका उपयोगी पडतात.

पण चढ 2 किलोमीटर असेल, तर असे 400 फेरे मारावे लागतात. तेवढा वेळ स्नायूंना प्राणवायू पुरवणे हे हृदयाचे व फुप्फुसांचे काम. हा दम सायकल चालवून येतो.

आणि वाढलेल्या वजनाचे काय? 1 किलो स्नायू वाढला, तर चढावरचे कार्य अवघे दीड टक्का वाढते. पायांची ताकद त्याहून अधिक वाढली, तर तोटा कसला?

मात्र स्नायू बळकट होतात ते व्यायामानंतरच्या विश्रांतीत. म्हणून रोज दोन्ही गोष्टी दमेपर्यंत करू नका. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, बैठका काढा. लांबची सायकलफेरी दुसऱ्या दिवशी ठेवा. एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. गुडघा दुखू लागला तर थांबा.

शिक्षकांनाही विनंती आहे. व्यायामाच्या तासाला मुलांना आणि मुलींनाही दोन्हींची गोडी लावा. भौतिकीच्या तासाला चाकावर खडूची खूण करून, पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते ते मोजायला सांगा. मग आपल्या गावच्या चढाचे गणित मुले स्वतःच मांडतील.