प्रत्यक्ष आणि अनुमान

गेल्या महिन्यांत एका वाचकबंधूंनीं पत्रानें विचारिलें कीं, दिवसभर कचेरींत कागद हाताळणाऱ्या मनुष्यानें संशोधनाची हौस धरावी काय? आणि धरल्यास त्याच्या हातून अर्धेंकच्चें ज्ञान जगांत पसरणार नाहीं काय? प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां एका गृहस्थाच्या चरित्रानें द्यावें, असें आम्हांस वाटतें.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ सालीं लिव्हरपूल येथें झाला. पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत, १८२४ सालीं, ते मुंबईस एका व्यापाऱ्याकडे आले. परंतु तेथें जम न बसल्यामुळें लौकरच त्यांनीं हैदराबादच्या निजामाची चाकरी धरिली. विद्यापीठाचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. जमीनमोजणी, कायदा, भूगर्भशास्त्र, देशी भाषा हें सर्व त्यांनीं नोकरी सांभाळून संपादन केलें. सुरापूर संस्थानचा राजा अल्पवयी असल्यामुळें तेथील कारभार त्यांच्याकडे आला, तो १८५३ पर्यंत राहिला. पुढें नळदुर्ग जिल्हा त्यांच्या हवालीं झाला. त्यांची ‘तारा’ ही १८६३ सालची कादंबरी तुळजापूरच्या एका ब्राह्मणकन्येची कथा आहे, हें आमच्या कांहीं वाचकांना ठाऊक असेलच.

सुरापूरच्या कारभारांत असतां माळरानावरचीं दगडांचीं वर्तुळें त्यांच्या दृष्टीस पडलीं. भीमेच्या परिसरांतील जेवर्गी येथें त्यांनीं अशीं प्राचीन थडगीं खणविलीं. मातीचीं भांडीं, लोखंडी हत्यारें, सांगाडे आणि कोठें कोठें धडावेगळीं मस्तकेंही निघालीं. त्या काळीं पुष्कळ खणणारे वस्तु उचलीत व माती फेकून देत. टेलर यांनीं मात्र कोणता थर कोणत्या थरावर होता, दगड कोठें, हाडें कोठें, ह्याचीं उभ्या छेदाचीं चित्रें काढून ठेविलीं.

अनुमानांत मात्र ते चुकले. युरोपांतील थडग्यांशीं साम्य पाहून, हीं शक किंवा केल्ट लोकांच्या कुळांतल्यांचीं असावींत असें त्यांनीं मानिलें. आजचे संशोधक तीं दक्षिणेंतीलच लोहयुगीन समाजाचीं, बहुतांशीं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकांतील समजतात. आमच्या न्यायशास्त्रांत सांगितलें आहे, डोंगरावर धूर दिसला हें प्रत्यक्ष; तेथें अग्नि आहे हें अनुमान. धुक्यास धूर समजणारा फसतो खरा. पण काय दिसलें तें त्यानें निराळें लिहून ठेविलें असेल, तर मागून येणारा त्याची चूक सुधारूं शकतो. म्हणूनच सुमारें शंभर वर्षांनंतर सर मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या तज्ज्ञानें टेलर यांच्या छेदचित्रांची वाखाणणी केली.

१८५७ च्या धामधुमींत त्यांना वऱ्हाडांत बुलढाण्यास पाठविण्यांत आलें. फौजेवांचून त्यांनीं जिल्हा शांत राखिला, आणि जनरल व्हिटलॉक यांच्या तोफा ओढून नेण्याची सोयही करून दिली. ती चाकरी परक्या सत्तेची होती. म्हणून आम्ही ती नमूद करितों, तिचें कौतुक करीत नाहीं.

परंतु त्यांची खरी कसोटी पुढेंच होती. सुरापूरचा राजा वेंकटप्पा नायक त्यांच्या देखरेखीखालीं लहानाचा मोठा झाला होता. तो त्यांना ‘अप्पा’, म्हणजे कानडींत बाप, म्हणत असे. १८५८ सालीं त्यानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें व तो पकडला गेला. टेलर तुरुंगांत त्याला भेटले. त्याची फांशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. पण कैदेच्या ठिकाणीं नेत असतां वाटेंतच पिस्तुलाच्या गोळीनें त्याचा अंत झाला. त्यानें स्वतःच ती झाडून घेतली, असें टेलर यांनीं लिहिलें आहे. बंडखोर म्हणून दोन ओळींत प्रकरण मिटवितां आलें असतें. तसें न करितां, १८७६ सालीं निवर्तलेल्या ह्या गृहस्थाच्या, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत तो ‘अप्पा’ शब्द, ती तुरुंगांतली भेट आणि स्वतःचें दुःख हीं सर्व आढळतात. आज कर्नाटकांत ह्या राजास स्वातंत्र्यवीर म्हणून मान आहे. काळानें निवाडा फिरविला. पण त्या निवाड्यास लागणारा बराच पुरावा विरुद्ध पक्षाच्या चाकरानेंच राखून ठेविला होता.

आतां आमची एक चूक सांगतों. आम्ही शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें नांगराखालीं सांपडलेलें एक रंगीत खापर वर्गांत आणिलें. आम्हीं त्यावर अर्धा तास पांडित्य केलें. पण तें कोणत्या शेतांत, किती खोल मिळालें, हें विचारावयाचें राहून गेलें. मुलगा पुढें गांव सोडून गेला, खापरही हरवलें. आमचें अनुमान तेवढें उरलें, प्रत्यक्ष गेलें.

म्हणून त्या वाचकबंधूंना आमचें सांगणें इतकेंच कीं, हौस अवश्य धरावी. फक्त वहीचीं दोन पानें निराळीं ठेवावींत. एकावर जें पाहिलें तें, दुसऱ्यावर जें वाटलें तें. घरांतलीं मुलें परसांतून जुनें नाणें किंवा मूर्ति घेऊन आलीं, तर कौतुक करण्यापूर्वीं जागा टिपून घ्यावी, आणि मग सरकारांत वर्दी द्यावी. घरच्या वडील मंडळींनीं सांगितलेली हकीकतही तशीच, आपल्या मतांची भर न घालतां, लिहून ठेवावी. आपलें मत नातवंडांना कदाचित् पटणार नाहीं. ती नोंद मात्र त्यांच्या उपयोगी पडेल.