सामायिक ग्रंथसूची आणि ‘नोंद आढळली नाही’ हा शेरा

विद्यापीठ व संलग्न महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांची सूची एकत्र करून ती संगणकावर उपलब्ध करून देताना एक निर्णय बहुधा निव्वळ तांत्रिक समजून परस्पर उरकला जातो. वाचकाने शोधचौकटीत शब्द लिहिला आणि दुसरे काहीही निवडले नाही, तर तो शब्द कोठे व किती काटेकोरपणे शोधायचा, हा तो निर्णय होय. सर्वसामान्य वाचक हे पूर्वनिश्चित पर्याय क्वचितच बदलतो. साहजिकच, सूचीत ग्रंथ असूनही तो त्याच्यापुरता नसल्यासारखाच होतो.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे, याचे कारण भाषेच्या घडणीतच आहे. ‘केशवसुत’ हा शब्द जसाच्या तसा शोधणाऱ्या यंत्रणेला ‘केशवसुतांची’ हे रूप परके असते. शब्दाच्या शेवटी काहीही चालेल अशी मुभा ठेवल्यास ते सापडते; परंतु ‘कादंबरी’ लिहिणाऱ्याला तेवढ्याने ‘कादंबऱ्या’ मिळत नाहीत, कारण तेथे शब्दाचे अंगच बदललेले असते. त्यातही ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होऊ शकते. डोळ्यांना एकच दिसणारे शब्द यंत्राला मात्र भिन्न! १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘कवि’ असे लेखन आहे आणि नोंदकाराने ते मुखपृष्ठानुसार तसेच ठेवले, यात त्याची चूक नाही. आजचा विद्यार्थी ‘काही’, ‘नाव’, ‘कवी’ लिहितो, यात त्याचीही नाही. या दोहोंची गाठ घालून देणे हे शोधयंत्रणेचे काम आहे.

रोमन लिपीतील नोंदींची कथा याहून निराळी नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतरपद्धतीत ‘गडकरी’ या नावातील ‘ड’नंतरचा, उच्चारात लोपणारा ‘अ’ लिहिला जातो. इंग्रजी वळणाने नाव लिहिणारा तो गाळतो. आपल्याकडील रोमन नोंदींत तर एकच एक पद्धत पाळली गेलेली नाही.

टोपणनावांचा प्रश्न जुन्या पत्रसूचीने सोडविला होता. ‘कुसुमाग्रज’ या पत्रावर ‘पाहा : शिरवाडकर, वि. वा.’ असे लिहिलेले असे. संगणकीय प्रणालींतही अशा प्रतिनिर्देशांची तरतूद असते. परंतु साध्या शोधात त्यांचा विचार व्हावा, ही व्यवस्था अनेकदा मुद्दाम चालू करावी लागते. ती केली नाही, तर ‘आरती प्रभू’ आणि ‘चिं. त्र्यं. खानोलकर’ हे सूचीपुरते दोन लेखक ठरतात.

या सर्वांची परिणती प्रबंधात दिसते. ‘या विषयावर पूर्वी लेखन झालेले नाही’, ‘प्रस्तुत ग्रंथ अनुपलब्ध आहे’ अशी विधाने शोधचौकटीतील एका प्रयत्नावर आधारलेली असू शकतात, आणि परीक्षकही त्याच चौकटीत तोच शब्द लिहून खातरजमा करतो. शंकर गणेश दाते यांच्या १८०० ते १९३७ या कालखंडाच्या मराठी ग्रंथसूचीची पाने उलटताना शेजारच्या नोंदीवर नजर तरी जात असे. शोधचौकट विचारले तेवढेच सांगते.

म्हणून प्रारंभीचा शोध सैल असावा. तो सर्व ग्रंथालयांत, सर्व क्षेत्रांत, ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार यांचा भेद न मानता व्हावा. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचा त्यामुळे घोळ होईल, हा आक्षेप खरा आहे; संहिताचिकित्सा करणाऱ्याला तर अनुस्वारही मोलाचा. त्याच्यासाठी काटेकोर शोधाचा पर्याय ठळकपणे द्यावा. मात्र नको असलेली नोंद वाचकाला दिसते व तो ती बाजूला सारू शकतो. गळलेली नोंद त्याला कळतही नाही. हे दोन दोष एकाच मापाने मोजता येणार नाहीत. ‘फक्त आपल्या ग्रंथालयात’ ही मर्यादा आरंभीच घालणे तर सामायिक सूचीचा हेतूच रद्द करणारे आहे.

क्रमाविषयीही थोडे. नवे आधी, जुने नंतर हा क्रम विज्ञानशाखांना सोयीचा असेल. वाङ्मयाच्या अभ्यासात त्यामुळे पुनर्मुद्रणे वर येतात आणि पहिली आवृत्ती चौथ्या-पाचव्या पानावर जाते. हे पर्याय ठरविणाऱ्या बैठकीत भाषाविभागांचा एकही अध्यापक नसेल, तर हे तेथे कोणाच्या लक्षात यावे?