ढिगातली वाफ आणि दोराचा पीळ



परवा नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावी खताचा ढीग पाहायला गेलो होतो. सकाळची वेळ, हवेत गारवा. घरच्या बाईंनी ढिगात फावडे घातले आणि आतून भसकन वाफ बाहेर आली. त्यांची दहावीतली लेक शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही म्हणता खत जिवाणू करतात. मग एवढ्या आचेत ते शिजून कसे जात नाहीत?"

तीस वर्षे खताच्या ढिगांभोवती फिरतो आहे, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. थोडे उत्तर मी तिथेच दिले आणि उरलेले या पानात लिहीन असा शब्द दिला. तो आज पुरा करतो.

ढिगाला जाळ आपण लावत नाही. शेण, कुटार आणि पऱ्हाटीचे तुकडे खाताना जिवाणूच ऊब सोडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत साधे जिवाणू काम करतात. ढीग ४५ अंशांच्या वर गेला की ते मागे पडतात आणि उष्णता मानवणारे जिवाणू पुढे येतात. ढीग नीट रचलेला असेल तर पारा ५५ ते ६५ अंशांवर जातो. नांगरटीला जशी एक जोडी थकली की दुसरी जुंपतो, तसाच हा प्रकार.

आता मुलीचा प्रश्न. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनएचा धागा असतो. जिवाची सारी कुंडली त्यात असते. हा धागा दुपेडी दोरासारखा असून त्याचे दोन पेड एकमेकांभोवती वळलेले असतात. ऊन वाढले की पेडांमधली पकड ढिली होते आणि फार वाढले तर पेड सुटे होतात. दोर उकलला की जीव संपला.

घरी अंबाडीचा दुपेडी दोर असेल तर एक करून पाहा. वळला आहे त्याच्या उलट दिशेने फिरवा, पेड सैल होऊन मध्ये फट पडेल. पिळाच्या दिशेने आणखी फिरवा, पेड घट्ट आवळतील. तसेच फिरवत राहून दोन्ही टोके थोडी जवळ आणा, दोर स्वतःभोवतीच वेटोळी घेईल. बहुतेक जिवाणूंचा डीएनए चुंबळीसारखा गोल असतो. त्याला मोकळे टोक नाही, म्हणून दिलेला पीळ आपोआप सुटत नाही.

जनावरांच्या पोटात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा हा धागा ताणला तर सुमारे दीड मिलिमीटर भरेल, आणि जिवाणू स्वतः एका मिलिमीटरचा जेमतेम पाचशेवा भाग! एवढा धागा एवढ्याशा जागेत न गुंतता ठेवायचा, तर कोणीतरी सारखा पीळ सांभाळायला हवा. हे काम विकर करतात. विकर म्हणजे पेशीतले कामकरी प्रथिन. हे विकर दोर कापतात, दुसरा पेड मधून पलीकडे नेतात आणि कापलेली जागा पुन्हा बेमालूम जोडतात. असा पहिला विकर १९७१ साली जेम्स वँग यांनी ई. कोलायमध्येच शोधला. १९७६ साली मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुसरा सापडला. त्याचे नाव जायरेज. तो दोराला थोडा उलटा पीळ देऊन सैल ठेवतो. जनावराच्या पोटातल्या उबेत असा सैल दोर सोयीचा असतो, कारण त्यावरचा मजकूर पेशीला चटकन उघडून वाचता येतो.

पण उकळीजवळच्या पाण्यात राहणाऱ्यांचे काय? १९८४ साली किकुची आणि असाई या जपानी शास्त्रज्ञांनी सल्फोलोबस नावाच्या सूक्ष्मजीवात नेमका उलट काम करणारा विकर दाखवला. सल्फोलोबस ७५ ते ८० अंशांच्या आम्लयुक्त पाण्यात सुखाने वाढतो. त्याचा विकर दोराला पिळाच्या दिशेने जादा पीळ देतो. त्याला रिव्हर्स जायरेज, म्हणजे उलटा जायरेज म्हणतात. पुढे ८० अंशांच्या वर राहणाऱ्या जिवांत तो सगळीकडे आढळला. दोर आवळून धरला की उन्हात पेड सहजी सुटत नाहीत, ही त्यातली साधी समजूत.

मात्र गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २००४ साली जपानमध्येच अशा एका सूक्ष्मजीवातून हा विकर काढून टाकून पाहिला. तो मेला नाही, पण त्याची वाढ मंदावली आणि ९३ अंशांवर तर तो वाढेनाच. म्हणजे हा विकर एकटाच तारणहार नाही, पण खऱ्या आचेत त्याच्यावाचून चालत नाही. पिळाखेरीज तो धाग्याची आणखी कोणती राखण करतो, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे.

महाशिवरात्रीला सालबर्डीला जाणाऱ्यांनी तिथला ऊन पाण्याचा झरा ऐकला असेल. किनवटकडच्या उनकेश्वरच्या कुंडात तर लोक स्नान करतात. पण जे पाणी अंगाला सोसवते, ते या अतिउष्ण जिवांना थंडच. आपल्या ढिगातले बहुतेक जिवाणूही त्या जातीचे नव्हेत. ते नेहमीच्या जायरेजवरच भागवतात. त्यांची प्रथिने मात्र पक्क्या बांधणीची असतात, म्हणून ६० अंशांत ते शिजत नाहीत. रोगजंतू, तणाचे बी आणि किडीच्या अळ्या यांना ती बांधणी नाही, म्हणून ते मरतात. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे.

आता आपल्या कामाचे. कपाशी काढल्यावर पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवतात किंवा पेटवून देतात. रचल्या तर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. जाळल्या तर जमिनीचे अन्न धुरात जाते. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली, तीत पऱ्हाट्याच मुख्य होत्या. त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत. आज तेच काम श्रेडर करते.

ढीग पाच-सहा फूट रुंद आणि निदान चार फूट उंच करा. लहान ढिगात ऊब टिकत नाही. पऱ्हाटीचे तुकडे, कुटार आणि शेणकाला असे थर द्या. मूठभर माल दाबला की दोन-चार थेंब यावेत एवढी ओल ठेवा. आच पाहायला लोखंडी गज मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवला नाही तर ढीग चालू आहे समजा. तापाची काचेची नळी घालू नका. ती ४२ अंशांवरच संपते, फुटली तर पारा खतात जातो. आच उतरली की ढीग पालटा आणि कडेचा माल मध्ये घ्या. अमेरिकेत उघड्या ढिगासाठी १५ दिवस ५५ अंश आणि त्या काळात पाच वेळा पालटणे असा नियम आहे. मोजमाप म्हणून तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ट्रायकोडर्मा टाकायची असेल तर ढीग निवल्यावर टाका. ती बुरशी ऊन मानवणारी नाही, गरम ढिगात पैसे वाया जातात.

वीसेक वर्षांपूर्वी मी घरच्याच वावरात अर्धवट खत टाकले. ढीग लहान होता, कोरडा होता, वाफ कधी निघालीच नाही. सल्ला गावभर देत फिरलो आणि आपला ढीग पाहिला नाही. त्या खरिपात सोयाबीनपेक्षा गाजर गवतच जोमाने उठले. निंदणाला आलेल्या बाया हसल्या. त्यांचे काही चुकले नाही.

आणखी एक गोष्ट, ती गोठ्याची. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा जनावरांना देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन ही औषधे याच जायरेजवर घाव घालतात. विकराने दोर कापला की औषध त्याला तिथेच अडकवून ठेवते. जोड लागत नाही आणि जंतू मरतो. पण औषध अर्धवट सोडले किंवा दुकानातून मनाने आणून टोचले, तर जायरेजचा आकार थोडा वेगळा असलेले जंतू वाचतात आणि त्यांचीच पैदास वाढते. मग तेच औषध उद्या जनावराला लागू पडत नाही, आणि घरातल्या लेकरालाही. औषध शेणातून खतात उतरते आणि मातीच्या कणांना बराच काळ चिकटून राहते. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधे देऊ नका, दिली तर सांगितलेले सगळे दिवस द्या, आणि ते सांगतील तितके दिवस त्या जनावराचे दूध घरात व डेअरीत देऊ नका.

त्या मुलीला मी म्हटले, "बाई, तुझ्या आजोबांनी दोर वळताना जे सांभाळले, तेच हा जीव सांभाळतो." ती म्हणाली, "मग मी गज आणते." तिने गज ढिगात खुपसला, दहा मिनिटे थांबली, आणि हात लावताच "आई गं!" म्हणून सोडून दिला. ढीग चालू होता.

तुमचाही एकदा पाहा. वाफ निघत नसेल तर पालटा, ओल द्या, आणि काय झाले ते पत्राने कळवा.